आधी गटार की आधी फुटपाथ?

अण्णा माझे चुलत काका. सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. आता संध्याकाळी राम आळीतल्या मुलाच्या दुकानात बसतात. मी फिजिओथेरपिस्ट. पक्षाघातानंतर, खुब्याचं हाड मोडल्यानंतर, गुडघा बदलल्यानंतर माणसाला पुन्हा चालतं करणं हे माझं काम. रत्नागिरीत पायी चालणाऱ्यासाठी काय करायला हवं, यावर आमचं कधीच पटलेलं नाही. परवा बोलणं इतकं रंगलं की दुकान बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा अण्णाच म्हणाले, "हे लिहून काढ. पण माझं म्हणणं पातळ करू नकोस." पातळ केलेलं नाही.

अण्णा: तुझं म्हणणं आधी थोडक्यात सांग बघू.

मी: मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत आणि तिथून खाली बाजारात, म्हाताऱ्या माणसाला, काठीवाल्याला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला गाड्यांमध्ये न उतरता जाता यावं. एवढंच.

अण्णा: एवढंच कसलं गो? हे गाव सपाटीवरचं नव्हे. मारुती मंदिर वर, बाजार खाली, त्याच्याही खाली मांडवी. वरचं सगळं पाणी उतारानं येतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुण्याला बारा महिन्यांत पडतो त्याच्या चौपट. त्या पाण्याला वाट नको? रस्त्याच्या कडेला जी जागा उरते ती पाण्याची आहे. तिथे तू माणूस उभा करायला निघालीस.

मी: माणूस आजही तिथेच चालतोय, अण्णा. गटारावरच्या ढाप्यांवरून.

अण्णा: ढापा काय चीज आहे ते समजून घे. तो चालण्यासाठी टाकलेला नसतो. उचलता यावा म्हणून तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि वर लोखंडी कड्या ठेवतात. मिरगाच्या आधी ढापे उचलायचे, गाळ काढायचा, पुन्हा ठेवायचे. आपली माती जांभ्याची. पहिल्या दोन सरींतच तांबडा गाळ गटारात येऊन बसतो. उचल-ठेव केली की ढाप्याचा कोपरा उडतो. गटाराची भिंत एका अंगानं खचली की ढापा डुगडुगायला लागतो. मग कोणीतरी त्यावरून माल भरलेला टेम्पो नेतो आणि तो मधोमध चिरतो. आणि तुम्ही म्हणता फुटपाथ मोडला. फुटपाथ नव्हताच तिथे. गटाराचं झाकण मोडलं.

हे ऐकताना मला माझ्या कामाची खोली दिसत होती. अण्णा ढाप्याविषयी जे बांधकामाच्या अंगानं सांगत होते, त्याची दुसरी बाजू मी रोज बघते. पक्षाघातानंतर पुष्कळांचा पंजा घोट्यातून वर उचलला जात नाही, बोटं जमिनीला घासत पुढे येतात. आमच्याकडे फरशी सारखी असते, दोन्ही हातांना धरायला दांड्या असतात, समोर आरसा असतो. तिथे माणूस खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट जातो, वळतो, परत येतो. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग तो बाहेर पडतो. शेजारच्या ढाप्यापेक्षा बोटभर वर आलेली कड धडधाकट माणसाला जाणवतही नाही. याचा पंजा नेमका तिथे अडतो. काठी टेकावी, तर तिचं रबरी टोक त्या लोखंडी कडीत जाऊन बसतं. पंजा अडलेला, काठी अडकलेली. अशा वेळी तोल सावरायला तिसरं काही हाताशी नसतं.

अण्णा: मग त्याला रिक्षातून न्यावं. इतक्या नाजूक माणसानं रस्त्यावर यावंच का?

मी: कारण चालणं हेच त्याचं औषध आहे. रिक्षानं तो दवाखान्यात पोचेल, बरा होणार नाही. दरवर्षी बघते. मे महिन्यात काठी सोडायच्या बेताला आलेला माणूस जूनमध्ये घरात बसतो. बाहेर पाणी, ढापे दिसत नाहीत, पडायची धास्ती. गणपतीला बघावं तर पुन्हा वॉकरवर आलेला. पायातली ताकद वापरली नाही की महिन्यादोनमहिन्यांत ओसरते, आणि साठीनंतर ती भरून यायला फार वेळ लागतो. तुम्ही म्हणता पाऊस आहे म्हणून फुटपाथ जमत नाही. मी म्हणते पाऊस आहे म्हणूनच तो हवा. पाण्याखाली काय आहे ते दिसत नसताना पाय टाकायला एक खात्रीची जागा हवी.

अण्णा: खात्रीची जागा म्हणून तू अर्धा फूट उंच कठडा बांधशील. वरून पाणी आलं की ते त्या कठड्याला अडेल. कठड्यात पाणी जायला ठेवलेली भोकं प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबतील. रस्त्याचा पऱ्या होईल आणि पाणी पहिल्या उतारावर दुकानात शिरेल. मी नोकरीत असताना हे होताना पाहिलंय. म्हणून म्हणतो, आधी गटार. गटार धड नसेल तर वरचा फुटपाथ हा नुसता देखावा.

मी: आधी गटार, नंतर फुटपाथ, असं का म्हणता? दोन्ही एकाच खोदाईत का नको? गटाराची भिंत पुन्हा बांधताय, तर वरचा भाग चालण्याच्या मापाचा करा. सुटे ढापे सगळीकडे कशाला? गटारावर सलग स्लॅब, आणि गाळ काढायला ठरावीक अंतरावर बसकी लोखंडी झाकणं. झाकणं जाळीची असतील तर फटी रस्त्याच्या दिशेनं नव्हे, आडव्या, म्हणजे काठीचं टोक आणि चाक आत जाणार नाही.

अण्णा: सलग स्लॅबखालचा गाळ माणूस काढणार कसा? हाताखालची माणसं आत उतरवायची म्हणतेस की काय?

मी: मुळीच नाही. माणूस आत उतरवायचा नाही, हे पहिलं. लांब दांड्याच्या फावड्यानं, पाण्याच्या दाबानं, किंवा यंत्रानं गाळ ओढता येईल इतक्या जवळ झाकणं ठेवा. किती अंतरावर ते तुम्ही ठरवा. तो हिशेब तुमचा आहे.

इथे अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. कागदावर गटाराचा छेद काढत बसले. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. आपल्याकडे पाण्याचं काम एकाकडे, रस्त्याचं दुसऱ्याकडे, विजेच्या खांबाचं तिसऱ्याकडे. या सगळ्यांची कामं उरकल्यावर उरलेल्या पट्टीला फुटपाथ म्हणायचं. चालणारा माणूस कोणाच्याच अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला येत नाही.

मी: आणि हा प्रश्न माझ्या पेशंटपुरता नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. साधारण पाचातला एक.

अण्णा: त्यातले पुष्कळ महामार्गावरचे. हातखंब्याला महामार्गावर काय होतं आणि गोखले नाक्यावर काय होतं, यात फरक आहे.

मी: फरक आहे. पण गावातले रस्तेही आता काँक्रीटचे होतायत, गुळगुळीत होतायत. खड्डे होते तेव्हा स्कूटर आपोआप हळू यायची. आता उतारावर ती सुसाट येते, आणि कडेला चालणारा जिथे होता तिथेच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात म्हटलंय की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असावा. त्या वेगात धडक बसली तर माणूस बहुधा वाचतो. पन्नासला जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

अण्णा: वेगाचं मान्य. पण रुंदीचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं १०३ क्रमांकाचं पुस्तक मीही वाचलंय. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, बाजारात त्याहून जास्त. दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ मीटर झाले. आता राम आळीत टेप लाव आणि सांग, रस्ता कुठे राहिला? दोन्ही अंगांना घरांच्या पायऱ्या रस्त्याला टेकलेल्या. कोणाचं घर पाडणार आहेस?

मी: राम आळीत मी फुटपाथ मागतच नाही. आळीच चालणाऱ्यांची करा. सकाळी माल उतरवून घ्या, संध्याकाळी गर्दीच्या वेळी गाडी आत नको. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. वर्षाचा एकच दिवस असतो तो, पण रस्ता मोकळा केल्यानं बाजार बुडत नाही हे लोकांना डोळ्यांनी बघता आलं. आणि आपल्याला पुण्याला तरी कशाला जायला हवं? शिमग्याला भैरीची पालखी निघते तेव्हा याच गावातल्या गाड्या कुठे जातात?

अण्णा: पालखीला आणि रोजच्या धंद्याला एका मापात घालू नकोस. पालखीला माणूस अनवाणी चालेल. साबण आणि तुरडाळ घ्यायला तो दुकानासमोर स्कूटर लावूनच येतो. शंभर पावलं चालायला लावलीस तर तो वरच्या वर मारुती मंदिराला खरेदी उरकेल, नाहीतर मोबाइलवरून मागवेल. मुलाचं दुकान त्यावर चालतं. हे तुला तुझ्या खोलीत बसून कळायचं नाही.

मी: दुकानासमोर सकाळी दहाला लावलेली स्कूटर रात्री आठला निघते, ती गिऱ्हाइकाची असते का?

अण्णा: (जरा थांबून) नाही. आमचीच असते. आणि पोऱ्याची.

मी: म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवतो, आणि मग म्हणतो चालणाऱ्याला जागा देता येत नाही.

अण्णा: बरं, आमची स्कूटर हलवू. पण हलवून ठेवू कुठे? आधी दुचाकींचा तळ दाखव, मग मनाई कर. तुम्हा लोकांचं उलट असतं. आधी बोर्ड लागतो, मग पावती फाडणारा येतो, आणि तळ कागदावरच राहतो.

या मुद्द्याला माझ्याकडे तोड नव्हती. जुन्या बाजारात मोकळी जागा शोधायची म्हटली तर प्रत्येक जागेला मालक आहे, वाद आहे किंवा झाड आहे. पुढचा मुद्दा मात्र असा निघाला की त्यावर दुकानातला पोऱ्याही कान देऊन ऐकू लागला.

अण्णा: समज, झाला तुझा फुटपाथ. सहा महिन्यांत त्यावर वडापावची गाडी लागेल. शेजारी शहाळीवाला, त्याच्या शेजारी मोबाइलची कव्हरं. मेमध्ये आंब्याच्या पेट्या. चालणारा पुन्हा रस्त्यावर. सुप्रीम कोर्टानं १९८५ साली ओल्गा टेलिसच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की फुटपाथ हा जाण्यायेण्यासाठी आहे, अडवायचा हक्क कोणालाही नाही.

मी: त्याच निकालात हेही आहे की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि रीतसर पद्धत पाळल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. आणि तुम्ही ज्या यादीनं सुरुवात केलीत तिच्यात एक बाई राहिली. पावसाच्या तोंडाला गावाकडून पहिल्या एसटीनं टोपली घेऊन येते. टाकळा, भारंगी, कुर्डूची भाजी. त्याआधी उन्हाळ्यात ओले काजूगर आणि करवंदं. ती ढाप्यावर बसते कारण तिला दुसरी जागा नाही. तिला जाग्यावरून उठवून मला माझ्या पेशंटसाठी वाट नको आहे. दुपारी डोक्यावर टोपली घेऊन स्टँडपर्यंत जाते तेव्हा तीच पायी चालणारी असते. फुटपाथची गरज तुमच्या-माझ्याहून तिला जास्त आहे.

अण्णा: हे बोलायला गोड आहे. बसवायचं कुठे ते सांग.

मी: २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समिती करायची, तिच्यात निदान चाळीस टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्यायचे, सर्वेक्षण करायचं, विक्रीच्या जागा आखून द्यायच्या. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत असं धोरण आहे.

अण्णा: २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ७६,२२९. अडीच टक्के म्हणजे एकोणीसशे. एकोणीसशे गाड्या! गाव झाकून जाईल.

मी: ती वरची मर्यादा आहे, तितके बसवलेच पाहिजेत असं नाही. शिवाय सगळे एका रस्त्यावर का येतील? रस्त्याच्या कडेला जिथे झाड आणि दिव्याचा खांब असतो ती पट्टी वेगळी धरा. विक्रेता त्या पट्टीत बसेल, आणि आत भिंतीच्या बाजूला १.८ मीटर मोकळे राहतील. जिथे हे दोन्ही मावत नाही तिथे चालणारा राहील, विक्रेत्याला जवळच दुसरी आखलेली जागा मिळेल. कोण कुठे, हे त्या बायकांना विचारून ठरवा. गिऱ्हाईक कुठून येतं ते त्यांना आपल्याहून चांगलं माहीत आहे.

अण्णा: आणि ती आखलेली रेघ पाळणार कोण?

मी: आधी दुकानदारांनी पाळावी. हातगाडी दिसली की उचलायला गाडी येते. दुकानाबाहेर टांगलेल्या बादल्या, पुढे काढलेला पत्रा, फळ्यावरची जाहिरात, यांना कोणी हात लावत नाही. तुमच्या दुकानाची पायरी कुठपर्यंत आलीय ते बघा.

अण्णा: पायरीचं बोललीस ते बरं केलंस. ती पायरी हौसेनं नाही काढली. दीड फूट उंची पाण्यासाठी घेतली. आता तुझी ती चाकाची खुर्ची दुकानात आणायची तर उतार किती लागतो? बारास एक. फूटभर चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. अठरा फुटांची घसरगुंडी काढली तर ती समोरच्या दुकानात जाऊन टेकेल. याचं उत्तर दे.

मी: पूर्ण उत्तर नाही माझ्याकडे. आज एवढंच करता येईल की वाट दुकानाच्या तोंडापर्यंत सपाट यावी आणि माल घेऊन दुकानदारानं बाहेर यावं. नव्या इमारतीला मात्र सवलत नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अडथळामुक्त मापं बंधनकारक केली आहेत. आणि तुमचं गटार खरोखर सुधारलं, पाणी यायचं थांबलं, तर पुढच्या पिढीला दीड फुटाची पायरी ठेवायचं कारण राहणार नाही.

अण्णांना हे पटलं की नाही, कळलं नाही. ते वेगळीकडेच वळले, आणि मला वाटतं त्यांच्या मनातली खरी तक्रार इथे बाहेर आली.

अण्णा: आमच्या वाडीत पाखाडी होती. जांभ्याच्या चिऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे, वरून आंब्या-फणसाची सावली. पाऊस संपला की गावकीतून घरटी एक माणूस यायचा. दगड निखळला असेल तर बसवायचा, गवत काढायचं, शेवाळ खरवडायचं. टेंडर नाही, उद्घाटन नाही. ती वाट सगळ्यांची होती. आज फुटपाथ कोणाचाच नाही, म्हणून तो टिकत नाही.

मी: पाखाडी सुंदर होती. पण अण्णा, आजीचा पाय मोडल्यावर ती त्या पाखाडीवरून कधी खाली उतरली?

अण्णा: नाही उतरली. चौघांनी खुर्चीत बसवून आणली होती दवाखान्यात नेताना. त्यानंतर माजघरातच होती.

मी: ती वाट धडधाकट पायांची होती. गावकीनं राखली, हे तिचं मोठेपण. पण ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याचा विचार तिच्यात नव्हता, कारण तो माणूस घरात राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला राखण्याची ती रीत हवी. ते गृहीतक नको.

अण्णा: (बऱ्याच वेळानं) मग आता मी सांगतो, रोग कुठे आहे ते. अंदाजपत्रकात फुटपाथ शेवटची बाब असते. पैसे कमी पडले की कात्री तिला लागते. उरलं तर काम निघतं, आणि एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, ते मीटरवर चढतं. इतके मीटर झाले, इतकं बिल. मध्ये विजेच्या डीपीचा खांब आला तर ठेकेदार अलीकडे थांबतो आणि पलीकडे सुरू करतो. कोणाचं फाटक आलं की तुटतो, पुन्हा सुरू होतो. मीटर भरतात, बिल निघतं. पण चालणाऱ्याला ते तुकडे आहेत. तुझा काठीवाला दर वीस फुटांना खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. त्यापेक्षा तो रस्त्याच्या कडेनंच जाईल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मी: हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत?

अण्णा: विचारलं कोणी? लोक खड्ड्याची तक्रार घेऊन यायचे. चालता येत नाही अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मला आठवत नाही. ज्याला चालता येत नाही तो ऑफिसचे जिने चढून येणार कसा?

यानंतर बोलण्याचा सूर बदलला. वाद संपला नाही, पण दोघांच्या हातात एकच कागद आला. अण्णांनी वरच्या पृष्ठभागाचा मुद्दा काढला. शोभेच्या चकचकीत लाद्या त्यांना बिलकूल नकोत. आपल्या हवेत जुलैपासून त्यांवर शेवाळ धरतं आणि त्या बुळबुळीत होतात. सुटे पेव्हर ब्लॉक एकदा खणले की पुन्हा सारखे बसत नाहीत. पाण्याची पाइपलाइन, केबल, यांसाठी आपल्याकडे रस्ते किती वेळा खणले गेले ते प्रत्येकाला ठाऊक आहे. अण्णांच्या मते साधं काँक्रीट सगळ्यात बरं. ओलं असताना खराटा फिरवून त्यावर आडव्या रेघा उठवायच्या, म्हणजे पायाला पकड मिळते, आणि पाणी निथळायला रस्त्याच्या बाजूला हलकासा ढाळ. पुढे टाकायची वाहिनी जिथून जाणार, तिथे तिची नळी आधीच खाली टाकून ठेवायची.

मी दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या लाद्यांचं बोलले. उभ्या रेघा असल्या तर पुढे चला, गोल ठिपके असले तर थांबा, असा त्यांचा अर्थ. पुष्कळ शहरांत त्या टाकतात आणि त्यांची रेघ थेट खांबाला नेऊन भिडवतात. त्यापेक्षा टाकल्या नाहीत तरी चालेल. चुकीची खूण अंध माणसाला सरळ जखमी करते.

अण्णा: कोर्टाचं काहीतरी आलं होतं ना मध्यंतरी?

मी: मे २०२५ मध्ये. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथ दिव्यांगांना वापरता येतील असे हवेत आणि त्यांवरची अतिक्रमणं काढली पाहिजेत. ज्या याचिकेत हे झालं ती मूळ २०१२ ची. कोइम्बतूरचे हाडांचे सर्जन डॉ. एस. राजसेकरन यांनी केलेली. रस्त्यावर मोडलेली माणसं टेबलावर जोडणारा माणूस शेवटी कोर्टात गेला.

अण्णा: निकाल चांगला आहे. पण निकालाला ढाळ देता येत नाही, तो जागेवरच द्यावा लागतो. सगळं गाव मागू नकोस. सगळं गाव मागितलंस की सगळ्या गावाला मीटरवारी तुकडे मिळतील. एक पट्टा माग. एसटी स्टँड ते सिव्हिल हॉस्पिटल. बाहेरगावचा आजारी माणूस एसटीतून उतरतो आणि सिव्हिलला जातो. त्याला तिथे अडथळा यायला नको.

मी: आणि तो रस्ता ओलांडणार कुठे? अर्धांगवायूतून उठलेला माणूस पुष्कळदा सेकंदाला अर्धा मीटरही चालत नाही. दहा मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला वीस सेकंदांहून जास्त लागतात. तेवढा वेळ कोण थांबतं?

अण्णा: ओलांडायची जागा फुटपाथच्या पातळीला उचलून घ्यायची, म्हणजे गाडीला चढून उतरावं लागेल आणि माणसाला सरळ जाता येईल. वरच्या अंगाला आडवी जाळी टाकायची, नाहीतर तिथे तळं होईल. लिहून घे.

मी लिहून घेत गेले. बिल मीटरवर निघू नये. या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता काम पुरं झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. मधले खांब आधी हलवावेत, मग काँक्रीट ओतावं. फाटकांपाशी फुटपाथनं खाली उतरू नये, गाडीनं वर चढावं. तपासणी उन्हाळ्यात नको. जुलैमध्ये, मुसळधार पाऊस चालू असताना, वॉकरवाल्या माणसाला बरोबर घेऊन पूर्ण पट्टा चालून बघावा आणि त्यानंतरच काम स्वीकारावं. ही शेवटची अट अण्णांची. पट्ट्यावर आज बसणाऱ्या विक्रेत्या बायकांना आधी जागा आखून द्यावी, ही माझी.

अण्णा: आणि पार्किंग. ते तू मुद्दाम सोडलंस. लिही, "दुचाकींची सोय केल्याशिवाय मनाई करू नये." त्याशिवाय या निवेदनावर मी सही करणार नाही, आणि आळीतला एकही दुकानदार करणार नाही.

मी: लिहिते. पण मुदत घालून. नाहीतर तळ होईपर्यंत म्हणत म्हणत वीस वर्षं जातील. किती दिवसांत, ते तुम्ही सांगा.

अण्णा: सहा महिने.

मी: तीन.

अण्णा: चार लिही. पावसाळ्याचे धरू नकोस.